याकूबची टॉफी आणि माझं नाक

याकूब गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोमाटणे फाट्यावर, बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात उभा होतो आणि चॉकलेटचा स्लॅब कडवट घ्यावा की दुधाचा यावर दुकानदाराशी हुज्जत घालत होतो. फोन त्याच्या मुलाचा, सलीमचा होता. "काका, अब्बा गेले," तो म्हणाला. "सकाळी चहाला उठवायला गेलो, तर उठले नाहीत." मी "बरं" म्हणालो. असल्या बातमीला "बरं" म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, पण तोंडातून तेच गेलं. दुकानदार ताटकळला होता. त्याने विचारलं, मग कुठला देऊ? मी म्हटलं, कडवट दे. पिशवी घेतली, रिक्षात बसलो आणि वराळ्याला पोचेपर्यंत ती पिशवी उन्हाच्या उलट बाजूला धरून ठेवली, स्लॅब मऊ पडू नये म्हणून. ज्याच्यासाठी घेतला तो माणूसच आता नाही, हे कळत होतं आणि तरी मी पिशवी सावलीत धरत होतो. तो स्लॅब अजून माझ्या फ्रिजात वरच्या कप्प्यात आहे.

दुपारच्या नमाजानंतर माती झाली. त्याचे भाऊ, पुतणे, लोणावळ्याच्या बाजारातले जुने दुकानदार असे बरेच लोक होते. मी मागे उभा राहिलो. कुणीतरी हळूच विचारलं, हे कोण, आणि कुणीतरी उत्तर दिलं, शेजारी आहेत. ते काही खोटं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मीही मूठभर माती टाकली. कफनाला लावलेल्या कापराचा आणि अत्तराचा वास लांबवर येत होता, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की बिचाऱ्याला यातलं काही कळणार नाही; आणि आज कळणार नाही तसं गेली कित्येक वर्षंही कळत नव्हतं. त्याच्या वाटचा वास मी घेत आलो होतो. माझं त्याच्याशी जे नातं होतं ते हेच, आणि ते कब्रस्तानात उभ्या असलेल्या माणसांना एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं... इथे थोडी जागा आहे, म्हणून सांगतो.

मी रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. बदल्या होत राहिल्या, पण फिरून फिरून घोरावाडीच्या खिडकीत यायचो. स्टेशन लहान, गाडी लोणावळ्याकडे जाणार नाहीतर पुण्याकडे, त्यामुळे प्रवाशांची तोंडं पाठ होत. याकूब रोज सकाळी लोणावळ्याला जायचा. तिथे त्याच्या मामाचा चिक्कीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे बाजारामागची एक लांबट खोली, दोन भट्ट्या आणि कडप्प्याच्या फरश्या. त्याच्याकडे पास असायचा, म्हणजे खिडकीशी यायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी यायचा. संध्याकाळी परतताना चिक्कीचा चुरा कागदात बांधून खिडकीतून आत सरकवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तोंड गोड करा, लय तापलाय तुमी." मी स्टेशनमास्तर नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण एकदा मास्तर म्हणाला ते म्हणाला. मी त्याला अरे-तुरे करायचो. त्याने अहो-जाहो शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्या कारखान्यात मी एकदाच गेलो होतो. गुळाचा पाक उकळत असताना याकूब कढईकडे बघतही नव्हता. तोंड दाराकडे करून कुणाशी तरी बोलत होता, हात उलथनं फिरवत होता, आणि बोलता बोलता मध्येच थांबून त्याने मान किंचित वर केली. तेवढंच. पुढच्या क्षणी कढई खाली, दाणे आत, आणि फरशीवर ओतून लाटणं फिरायला लागलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, पाक नाकाला सांगतो, डोळ्याला उशिरा कळतं. कढई आतून काळी, वर वाफ, रंग दिसणार कुठून? घाणा, म्हणजे एका खेपेचा पाक, जळणं ही त्यांच्यात मोठी नामुष्की. ज्याच्या हातून जळेल त्याला महिनाभर चिडवत. याकूब मोठ्या तोऱ्यात सांगायचा की त्याच्या हातचा घाणा एकदाही जळलेला नाही, आणि तिथले लोक त्यावर माना डोलवायचे, म्हणजे ते खरं असणार.

पुढे मी निवृत्त झालो, गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यानेही लोणावळ्याची फेरी बंद केली. वराळ्यात नव्या इमारती उठत होत्या. त्याच्या मुलाने एका इमारतीत घर घेतलं आणि आम्ही समोरच्या इमारतीत आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको, सुमन. सुमन तिथे फार दिवस राहिली नाही. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. मुलगी नागपूरला असते. ती म्हणाली, चला माझ्याकडे. मी म्हटलं, बघू. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, पेपरवाला खालून फेकायचा, आणि कधी कधी दिवसभरात माझा आवाज माझ्याच कानावर पडायचा नाही. मला माणसं नको होती असं नाही. माणसांना माझं काही काम उरलं नव्हतं, आणि नुसतं बसायला जाणं मला कधी जमलेलं नाही. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेला माणूस मी. समोरच्याला काहीतरी हवं असल्याखेरीज त्याच्याशी बोलायचं काय, हेच मला कळत नसे.

मग ती साथ आली. याकूबला झाली, बरी झाली, पण जाताना त्याचं नाक घेऊन गेली. जिभेची चव थोडीफार परतली, वास मात्र मुळीच येईना. सलीमकडून मी हे ऐकलं तेव्हा मला थोडं हसूही आलं होतं, इतका तो नाकाचा तोरा मिरवायचा. त्याच सुमारास शाळा बंद म्हणून त्याची नात आफरीन घरात मोबाईल बघत बसलेली असे, आणि तिने त्यात कुणीतरी चॉकलेट लावलेली टॉफी करताना पाहिली. आजोबांच्या मागे लागली. याकूबने ते पाहून निकाल दिला की ही चिक्कीच आहे, नुसता सूट घातलेला आहे. साखर आणि बटर कढवायचं, बदामाच्या सालीसारखा रंग आला की ओतायचं, गार झाल्यावर वर वितळवलेलं चॉकलेट पसरायचं, त्यावर दाण्यांची भरड. यात अवघड काय? अवघड एकच होतं, उतरवायची वेळ. आणि ती सांगणारं नाक त्याच्याकडे नव्हतं.

एके दुपारी दाराची बेल वाजली. मी उघडलं तर तोंडाला फडकं बांधून याकूब उभा. बसा-उठा काही नाही, सरळ म्हणाला, "मास्तर, नाक घिऊन चला. माझं गेलंय." मी म्हटलं, तुझ्या घरात एवढी माणसं आहेत, त्यांची नाकं काय झाली? तर म्हणाला, पोरांना सगळंच गोड वासाचं वाटतं, आणि हमीदाला धुराने ठसका लागतो. हमीदाभाभी म्हणजे त्याची बायको. मी तपकीर ओढणारा माणूस, माझं नाक ते काय. पण त्याच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही. सुमन गेल्यानंतर मी दुसऱ्याच्या घरात पहिल्यांदा गेलो तो त्या दुपारी.

त्याने मला कढईपाशी स्टुलावर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. आधी दुधाचा वास येईल, तो सोडून द्या. मग लोणी कढवताना येतो तसा. मग बेरीचा, तूप गाळल्यावर तळाशी राहते ती बेरी. तो आला की सावध व्हायचं, कारण त्याच्यामागे लगेच करपल्याचा उभाच असतो. त्या दोहोंच्या मध्ये "आता" म्हणायचं. पहिल्या घाण्याला मी इतक्या लवकर "आता" म्हणालो की टॉफी दाताला चिकटून बसली आणि आफरीनला आरशासमोर उभं राहून ती काढावी लागली. दुसऱ्याला जरा उशीर झाला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बरोबर जमलं, कडप्प्याच्या फरशीवर ओतल्यावर टॉफीवर काचेसारखी चमक आली, आणि याकूबने मोडलेल्या तुकड्याचा कट्‌ असा आवाज ऐकून माझ्या पाठीवर थाप मारली. नोकरीत मला कुणी पाठीवर थाप मारली असेल तर मला आठवत नाही. त्याच आठवड्यात मी तपकिरीची डबी फेकून दिली. सुमनने तिच्यापायी जन्मभर डोकं फोडलं होतं, तेव्हा सुटली नव्हती.

फसलो ते चॉकलेटपाशी. पहिल्या खेपेला वितळवलेलं चॉकलेट टॉफीवर पसरलं, गार झालं, सुंदर दिसलं, आणि सुरी लावताच पापुद्र्यासारखं अख्खं सुटून आलं. दुसऱ्यांदा तेच. आफरीन मोबाईलमधलं पुन्हा पुन्हा लावून दाखवी, तिथे ते घट्ट बसलेलं. आम्ही दोघे म्हातारे फरशीपुढे बसून डोकी खाजवतोय. मग कळलं ते असं, की याकूबचा हात जन्मभर चिक्कीचा. ओतायच्या आधी फरशीला तूप, लाटण्याला तूप, बोटांना तूप. कारण तूप नसेल तर चिक्की फरशी सोडत नाही. ते हाताच्या सवयीने तो करत होता, आणि तुपावर चॉकलेट बसत नाही. असली चूक लोणावळ्याच्याच माणसाच्या हातून व्हायची. तूप बंद करून बघितलं, तर टॉफी फरशीला अशी चिकटली की पाट्याला टाकी लावतात तशी खरवडून काढावी लागली. शेवटी तूप लावायचं, पण गार झाल्यावर प्रत्येक तुकडा मऊ सुती कापडाने पुसून कोरडा करायचा, असं ठरलं. याकूबच्या घरात जे कापड होतं ते सगळं नवं, सिंथेटिक. पुसण्याऐवजी तूप पसरवणारं. मी घरी गेलो, कपाट उघडलं आणि सुमनची धुऊन धुऊन विरलेली एक सुती साडी काढून आणली. तोवर तिची एक वस्तू मी हलवू दिली नव्हती, मुलीलाही नाही. याकूबने ती साडी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि फाडायच्या आधी विचारलं, "वैनीस्नी चाललं आसतं न्हवं?" मी म्हटलं, चाललं असतं. आम्ही तिचे चौकोनी तुकडे केले.

मग हा शिरस्ताच पडला. आठवड्यातून एकदा बेल वाजायची आणि दारात तेच वाक्य, नाक घिऊन चला. पावसाळ्यात काम वाढायचं. आमच्याकडे त्या दिवसांत भिंती घाम गाळतात, तिथे टॉफीचं काय. उघडी राहिली की तासाभरात पाणी सुटतं. याकूब म्हणायचा, टॉफी रडायला लागली. मग दोन्ही बाजूंनी, कडांनीसुद्धा चॉकलेट लावून तिला पुरती बंद करायची, की हवा लागत नाही. हे बुडवायचं काम माझ्याकडे. काट्याने तुकडा उचलायचा, बुडवायचा, झटकून कागदावर ठेवायचा. वितळवलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते वाळूसारखं रवाळ होतं, म्हणून याकूब मला खिडकीपासून लांब बसवायचा आणि हात कोरडे आहेत का ते शाळेतल्या बाईंसारखं उलटसुलट करून बघायचा. झालेली टॉफी विकायचा विचार कुणी केला नाही. इमारतीतल्या पोरांना, वॉचमनला, ईदला, दिवाळीच्या फराळाच्या ताटात, असं ती जायची. माझ्या मुलीने एकदा नागपूरहून साखरेचा पाक मोजायचा थर्मामीटर पाठवला. याकूबने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, साखरेला ताप आलाय व्हय? आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. नंतर मी विचारलं तर बिघडला म्हणाला.

मला या सगळ्याचा अभिमान होता, हे लपवत नाही. लोक नातवंडांच्या गोष्टी सांगतात, मी माझ्या नाकाच्या सांगायचो. सर्दीला जपायचो. पुण्यात कुणाकडे किंवा नागपूरला मुलीकडे राहायला जायची वेळ आली तर म्हणायचो, याकूबचा घाणा आहे, मला जमणार नाही. मी गेलो नाही तर एक माणूस कढईपुढे आंधळ्यासारखा उभा राहील, हे मला दर सकाळी उठायला पुरेसं होतं. एरवी घर तेच, खुर्ची तीच, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर जे एकटेपण अंगावर यायचं तेही तेच होतं. फक्त आठवड्यातला एक दिवस मी कुणालातरी हवा होतो. माणूस एवढ्यावरही निभावून नेतो.

याकूबचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर मी त्याच्या घरी गेलो. हमीदाभाभी इद्दतीत होत्या, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, परक्या पुरुषापुढे यायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलो, त्या पडद्याआड, आतल्या खोलीच्या दाराशी. आफरीनने चहा दिला. कढई कुठे आहे हे विचारायचं होतं, धीर झाला नाही. शेवटी मनात जे होतं तेच बोललो, की त्या दिवशी अत्तराचा, कापराचा एवढा वास येत होता, आणि मला सारखं वाईट वाटत होतं, की बिचाऱ्याला शेवटपर्यंत वास काही आलाच नाही...

मग भाभी म्हणाल्या, "कुनाला, ह्यास्नी? ह्यास्नी तर कवाच वास यायला लागलता, भाऊ. नाक गेलं त्याच सालच्या बकरी ईदला. मी पातेलं ठिवून नमाजला बसलते, तर बाहेरनं आले न् म्हनले, हमीदा, खाली लागतंय."

मी हातातला कप खाली ठेवला. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, एवढ्या वर्षांत त्यांनी सांगितलं असेल, असं काहीसं त्या बोलत राहिल्या. घरात सगळ्यांना ताकीद होती म्हणाल्या. आफरीनलासुद्धा. मी आफरीनकडे पाहिलं तर ती खाली बघत होती. मी विचारलं, पण का? भाभींनी आवाज आणखी हळू केला. "म्हनायचे, मास्तरला कळलं तर त्यो यायचा बंद हुईल. काम आसल्याबिगर त्यो कुनाच्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

मी चहा संपवला आणि उठलो. घरी आलो तो चिडून. मेलेल्या माणसाचा राग येतो का? मला आला. इतकी वर्षं मी स्टुलावर बसून, डोळे मिटून, मोठ्या गांभीर्याने "आता" म्हणत होतो, आणि हा पठ्ठ्या उलथनं हातात घेऊन वाट बघत होता. त्याला माझ्याआधी कळलेलं असायचं. थर्मामीटर फळीवर का गेला तेही उमजलं. मी फेकलेली तपकीर, जपलेली सर्दी, मुलीला दिलेली कारणं... सगळ्या घरादारासमोर मी एक लहान पोर होतो, ज्याला मोठी माणसं खोटं खोटं काम देतात. मला कुणाची गरज नव्हती हे एक वेळ सोसवलं असतं. पण माझीही कुणाला नव्हती, त्या एका दिवसापुरतीही नव्हती, हे कळल्यावर घर आणखी मोठं वाटायला लागलं. काही दिवस मी नागपूरचे फोनही घेतले नाहीत.

मग एके दिवशी, भाजी चिरताना, मला एक दुपार आठवली, आणि ती आठवल्यापासून माझा राग कुठल्या कुठे गेला. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

थंडीचे दिवस होते. घरात आम्ही दोघेच, बाकी सगळे कुठल्याशा लग्नाला गेले होते. कढई नुकतीच चढली होती. याकूबने सहज विचारलं, वहिनींना शेवटी फार त्रास झाला का? एवढ्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं, त्यालाच काय, मुलीलाही नाही. त्या दिवशी का कुणास ठाऊक, मी बोलायला लागलो. सुमनला शेवटच्या दिवसांत माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मला तर नाहीच. एका संध्याकाळी दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो, तर तिने डोळे उघडले, पलंगाच्या कठड्यातून हात बाहेर काढला आणि अनोळखी माणसाशी बोलतात तसं म्हणाली, "एक मळवली द्या." तिचं माहेर कार्ल्याजवळचं, उतरायचं मळवलीला. नवरा म्हणून ती मला विसरली होती, पण खिडकीतला माणूस म्हणून मी तिच्या लक्षात राहिलो होतो. मी औषधाच्या खोक्याचा एक तुकडा फाडला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने मूठ मिटली, समाधानाने पडून राहिली. नंतर ती बोलली नाही.

हे सांगायला मला खूप वेळ लागला. मध्येच थांबत होतो, पुन्हा तिथूनच सुरू करत होतो. याकूब माझ्याकडे बघत नव्हता, त्याची नजर कढईवर, हात एकसारखा फिरत होता. माझं संपल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "साधं दिलं का रिटर्न?"

मी म्हटलं, "साधं. रिटर्न तिने मागितलंच नाही."

त्याने मान हलवली. आणि मग मला वास आला. बेरीचा केव्हाच होऊन गेला होता, करपल्याचाही होऊन गेला होता. खोलीत निळसर धूर साचला होता आणि कढईत काळं डांबर उकळत होतं. मी धडपडत उठलो, म्हणालो, अरे, जळलं, माझं लक्षच नव्हतं. तो म्हणाला, "व्हय? मला कुटं कळतंय." आणि शांतपणे गॅस बंद केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं आहे असं मी धरून चाललो.

ती बकरी ईद होऊन तेव्हा कितीतरी दिवस झाले होते. म्हणजे सगळे वास त्याला ओळीने आले होते. दुधाचा, लोण्याचा, बेरीचा, आणि त्यानंतरचा. ज्याच्या हातचा घाणा जन्मात जळला नव्हता तो माणूस, हातात उलथनं असताना, आपल्या डोळ्यांदेखत तो जळताना बघत उभा राहिला. कढई उतरवायची तर मला थांबवावं लागलं असतं. एकदा थांबलो असतो तर मी पुन्हा कधी बोललो नसतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आम्ही तो घाणा टाकला नाही. त्यानेच टाकू दिला नाही. फरशीवर ओतला, गार केला, सुमनच्या साडीच्या तुकड्याने पुसला, वर चॉकलेट लावलं, भरड पसरली, सगळं रीतसर. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मग त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो म्हणाला, "चांगली झालीय, मास्तर. खावा." आणि दुसरा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला तो कडू लागला, पण म्हटलं, मी रडून बसलोय, माझंच तोंड कडू असेल. याकूब चांगली म्हणतोय म्हणजे चांगली असणार.